मास्तरांचा शब्द

स्नूकरच्या टेबलावर आता पांढरा आणि काळा, एवढे दोनच चेंडू उरले होते. घुटमळ्या तीन गुणांनी पुढे होता खरा, पण पाळी मास्तरांची होती आणि काळा चेंडू पॉकेटच्या अगदी तोंडाशी. तो आत गेला की मास्तरांना सात गुण आणि घुटमळ्याचा खेळ खलास.

खुर्चीत बसून घुटमळ्या नुसता बघत होता. हरला तर व्यावसायिक खेळाडूंमधली त्याची जागा जाणार होती आणि सोमवारपासून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसावं लागणार होतं. मेहुण्याने त्याच्यासाठी स्टूलही आणून ठेवलं होतं.

घुटमळ्या हे नाव त्याला खेळानेच दिलेलं. हनुवटी क्यूच्या काठीला टेकवायची, क्यू सावकाश मागे घ्यायचा आणि तिथेच थांबायचं. बघणाऱ्यांचा जीव टांगणीला! "अरे, मार की एकदाचा!" असं लोक ओरडत.

मास्तरांचं सगळंच उलटं. भांडी घासायला निघाल्यासारख्या बाह्या वर सारायच्या, जवळजवळ ताठ उभं राहूनच नेम धरायचा आणि आखूड हिसका देऊन मोकळं व्हायचं. पोशाखाच्या नियमावरून आयोजक कुरकुरत, मास्तर नुसते हसत.

घुटमळ्याचं ते थांबणं मोडायला जो तो निघाला होता. एकटे मास्तर म्हणाले होते, "थांब तू खुशाल. घाई करणारे पुष्कळ आहेत." त्या वाक्याच्या जिवावर तो इथवर आला होता.

आज सामन्याआधीही त्यांनी घुटमळ्याच्या बायकोची चौकशी केली होती, "सूनबाई कशी आहे?"

"सातवा लागलाय."

"आणि दुकानाचं काय म्हणतोयस?"

"हरलो तर जावंच लागेल, मास्तर."

"बरं," म्हणून ते क्यूच्या टोकाला खडू घासत राहिले होते.

आता मास्तर वाकले, म्हणजे त्यांच्या मानाने वाकले. डावा हात टेबलावर टेकवला. आणि एकदम उभे राहिले.

"फाऊल. माझी बाही पांढऱ्याला लागली."

पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. पण स्वतःचा फाऊल खेळाडूने स्वतः सांगितला की या खेळात पुढे चर्चा नसते. त्यातून मास्तर म्हणजे कधी खोटं न बोललेला माणूस. पंचाने काळ्याचे सात गुण घुटमळ्याला दिले आणि, शेवटच्या चेंडूवर फाऊल झाला की संपतो तसा, डाव तिथेच संपला.

"असा सच्चा माणूस शोधून सापडायचा नाही!" म्हणत लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले.

घुटमळ्याला रडूच आवरेना. जागा राहिली होती, तीही दुसऱ्याच्या खरेपणामुळे. हे उपकार कुठे फेडायचे? धावत जाऊन त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"मास्तर, तुम्ही खरं बोललात म्हणून मी—"

"आधी घरी फोन कर," मास्तर म्हणाले. "वाट बघत असेल ती."

हात सोडताना घुटमळ्या थांबला. सवयीप्रमाणे, पण जरा जास्तच.

मास्तरांच्या दोन्ही बाह्या नेहमीसारख्या कोपराच्या वर होत्या.