पहिला क्लिक झाकणाचा

“हा खरा नाहीये, यार!” मयुरानं मोबाईल सोफ्यावर टाकला. “मॅम म्हणाली, खऱ्या वस्तूचा आवाज पाहिजे. मोबाईलचा क्लिक म्हणजे नुसती कॉपी.”

सहावीतल्या मयुराला शाळेनं प्रकल्प दिला होता. रोजच्या वापरातला एक इंग्रजी आवाजाचा शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ शोधायचे, तो आला कुठून ते लिहायचं आणि आवाज रेकॉर्ड करून न्यायचा. मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून क्लिकची शोधाशोध चालली होती. पेनाचं बटण झालं, पर्स झाली, गॅसचा लायटर झाला. मयुराबाईसाहेबांना एकही पसंत पडेना.

“अर्थ तरी वाच,” खिडकीजवळच्या खुर्चीतून विनयाआजी म्हणाली.

“शब्द चारशे वर्षं जुना आहे. आवाज ऐकला आणि तसाच शब्द बनवला, बस. मग कॅमेरा आला तर फोटो काढणं पण क्लिक. कॉम्प्युटरचं पण क्लिक. आणि दोन लोकांचं एकदम जमलं, तर ते पण क्लिक.”

“अच्छा! म्हणजे आमचं पन्नास वर्षं क्लिकच चाललंय म्हणायचं.”

असं म्हणून उल्हासआजोबा हसले. पुढच्या महिन्यात लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलानं पत्रिकेसाठी दोघांचे फोटो मागितले होते. आजोबांचा काढून झाला. आजी मात्र काही केल्या बसत नव्हती. काचबिंदूनं तिची नजर नेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचा एकही फोटो नव्हता. “कुठून काढताय, कधी काढताय, काही कळत नाही. त्या मोबाईलचा आवाज येतो तोवर फोटो निघालेला असतो. मी आपली भलतीकडे तोंड करून बसलेली. कशाला शोभा करून घ्यायची?” असं ती म्हणायची. ती काही चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच आजोबांना ते जास्त लागायचं.

आजोबा स्टुलावर चढले आणि माळ्यावरून जुना कॅमेरा काढून आणला. त्याचं चामड्याचं पाकीट पार तडकलं होतं.

“रोल नाहीये यात,” ते मयुराच्या कानात म्हणाले, “पण आवाज अस्सल. लाव तुझं रेकॉर्डिंग.”

त्यांनी बटण दाबलं. क्लिक.

खुर्चीतली आजी दचकली. तिचा हात आपसूक केसांवर गेला, मग पदरावर.

“अहो, झाकण!” ती म्हणाली.

“कसलं झाकण?” मयुराला काही कळेना.

“तुझी आजी क्लिक ऐकला की डोळे मिटायची,” आजोबा म्हणाले. “आणि रोल महाग. मग पहिला क्लिक मी लेन्सचं झाकण न काढताच करायचो. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सगळ्या बायका ओरडायच्या, अहो, झाकण काढा! ही हसायला लागायची. तेवढ्यात झाकण काढून, रोल न सरकवता त्याच कोऱ्या फिल्मवर दुसरा.”

“सगळ्यांना वाटायचं, माणूस वेंधळा आहे,” आजी म्हणाली. “मलासुद्धा चार वर्षं तसंच वाटत होतं.”

आजी सावरून बसली होती. तिचा चेहरा बरोबर कॅमेऱ्याच्या दिशेला वळला होता आणि ओठांवर हसू यायला लागलं होतं. आजोबांनी कितीतरी दिवसांत ते हसू पाहिलं नव्हतं.

“काढलंत का झाकण? मला ताटकळत ठेवू नका.”

आजोबांनी झाकण काढलं आणि मयुराला डोळ्यांनी खुणावलं. तिनं मोबाईलचा आवाज बंद केला, तो कॅमेऱ्याला चिकटवून धरला आणि फोटो काढायला बोट तयार ठेवलं.

क्लिक.

बाहेर भाजीवाला हिंदीत मटारचा भाव ओरडत गेला. आजी तशीच बसून होती, श्वास रोखून.

“डोळे नाही ना मिटले?” तिनं विचारलं.

आजोबांनी मयुराच्या हातातला मोबाईल जवळ घेतला. बराच वेळ ते त्यात बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “सरळ माझ्याकडेच बघत होतीस.”