ग्रूबरची आतषबाजी

"अजून भरतेच आहेस? निघ ना आता," तिचा नवरा वर्लिन दारातून म्हणाला. "म्हातारा ग्रूबर यंदा लवकर सुरू करणार, बघ."

नोरीन रबरी हाडात पीनट बटर कोंबत होती. अशी काही हाडं तिने आधीच गोठवून बर्फाच्या पेटीत ठेवली होती. टेबलाखाली तिचा बुटका कुत्रा पिकल सकाळपासून शेपूट पायात घालून बसला होता. चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा, पहिला फटाका वाजायला अजून वेळ होता, पण त्याला कळायचं.

"करू दे सुरू," नोरीन म्हणाली. "डोक्यात भुसा भरलेल्या माणसाला स्वातंत्र्याचा आनंद दुसरा कसा होणार?"

रस्त्याच्या टोकाला दोनच घरं होती. एक त्यांचं, एक हार्लन ग्रूबरचं. मधे कमरेएवढं कुंपण. तीन वर्षांपूर्वीच्या चार जुलैला नोरीन वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीवर होती. तेव्हा त्यांच्या घरी मेबल नावाची कुत्री होती. धडाक्यांनी बिथरून मेबल खिडकीची जाळी फाडून पळाली, ती थेट हायवेवर. नोरीन घरी आली तेव्हा वर्लिन मेबलला चादरीत गुंडाळून ओसरीवर बसला होता. लहान मुलासारखा रडत होता.

"ग्रूबर ऐकेचना गं," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून ग्रूबर तिच्या लेखी माणसातून उठला. टपालपेटीपाशी दिसला की ती असं तोंड करायची की जणू पायाखाली काही घाण आलंय. एकदा त्याने हात वर करून, "बाई, जरा बोलायचं होतं," म्हटलं, तर तिने गाडीची काच वर केली. काय बोलणार होता? माफी मागणार? असल्यांची माफीही वास मारते.

पुढची दोन वर्षं ती पिकलला घेऊन डोंगरात बहिणीकडे गेली. परत यावं तर दोन्ही अंगणांत जळक्या पुठ्ठ्याच्या नळ्या, आणि वर्लिन बिचारा झाडू घेऊन दोन्हीकडची सफाई करतोय.

"त्याचा उकिरडा तू कशाला उपसतोस?"

"जाऊ दे गं. म्हातारं माणूस आहे."

वर्लिनचा हा चांगुलपणाच तिला नडायचा.

यंदा बहीण लेकीकडे राहायला गेली होती आणि लेकीच्या घरात मांजरं. मग कुणीतरी विमानतळाजवळचं मोटेल सुचवलं. तिथे आसपास फटाक्यांना बंदी, आणि विमानांच्या आवाजासाठी खिडक्यांना जाड दुहेरी काचा.

"तूही चल ना," ती म्हणाली.

"आणि घर? त्या येड्याची एक ठिणगी छपरावर पडली म्हणजे? मी तळघरात बसतो कानात बोळे घालून." वर्लिनने बर्फाची पेटी गाडीत ठेवली. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती; काल शेगडी पेटवताना भाजला होता. "सकाळीच ये. घाई करू नकोस."

मोटेलभर कुत्रीच कुत्री होती. एका पूडलच्या डोक्यावर चांदण्यांची टोपी. एक बाई बुलडॉगला मांडीवर घेऊन गोष्ट वाचून दाखवत होती. एक धिप्पाड गृहस्थ दोन बीगलांशी बोबडं बोलत होता. नोरीनने नाक मुरडलं. कुत्र्याचं कुत्रेपण घालवणारी माणसं ती!

खोलीत तिने पडदे ओढले, टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम मोठ्याने लावला, खाऊचे तुकडे टॉवेलात गुंडाळून पिकलपुढे टाकले. त्याने नाकाने टॉवेल उलगडला, सगळं फस्त केलं, मग गोठलेलं हाड चाटत बसला. शेपूट बाहेर आली. थोड्या वेळाने तो पाय वर करून घोरायला लागला.

नोरीनचा जीव भांड्यात पडला. ती बर्फ आणायला बाहेर आली.

बर्फाच्या यंत्राशेजारी, गालिच्यावर फतकल मारून, हार्लन ग्रूबर बसला होता. मांडीवर ब्लँकेटमध्ये त्याचं म्हातारं डॅशहुंड कुत्रं. तो त्याला कोंबडीचे बारीक तुकडे भरवत होता.

नोरीनचं रक्त उसळलं. "वा, ग्रूबर! दुसऱ्यांची कुत्री रस्त्यावर मरू देत, स्वतःचं तेवढं इथे गालिच्यावर!"

त्याने वर पाहिलं. "टॅटरला आवाज सोसत नाही, बाई. चार वर्षं झाली, मी दर चार जुलैला इथेच असतो."

"हो का? मग तिकडे कोण उडवतंय? पोरगा?"

"मला मूलबाळ नाही."

"म्हणजे भाड्याने माणूस लावलात! स्वतः काडी ओढायचीही हिंमत नाही."

ग्रूबर काहीतरी बोलायला गेला. मग त्याने तुकडा टॅटरच्या तोंडात दिला. ते तिला उर्मटपणाचं वाटलं.

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावरच विचारते. आमचे हे घरीच आहेत, ते खोटं बोलायचे नाहीत."

तिने वर्लिनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ घंटी वाजली. मग एकदम फटाक्याचा कडकडाट, फोनच्या अगदी जवळ, आणि वर्लिनचा धापा टाकणारा आवाज.

"हॅलो! काय गं? पिकल बरा आहे ना?"

"बरा आहे. वर्लिन, मला एवढंच सांग, ग्रूबरच्या अंगणात आत्ता फटाके कोण लावतंय?"

पुन्हा एक धडाका झाला. वर्लिन खोकला, मग हसला.

"कोण म्हणजे काय, ग्रूबरच! हा काय, कुंपणापाशी उभाय मेला, माझ्याकडे बघून दात काढतोय!"