तिसरा सिलिंडर

पलकनं जीपच्या इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरवर दाब मोजायचा कॉम्प्रेशनचा गेज मुद्दामच सैल बसवला आणि चावी फिरवली. काटा थोडासा हलून तिथंच अडला.

"बघा बाबा, यात कॉम्प्रेशनच नाहीये. इंजिन गेलं. आता जीप काढायची नाही, बस्स!"

परवा राऊ गावाच्या वळणावर समोरची शाळेची व्हॅन बाबांना दिसलीच नव्हती. तिनंच ओरडून ब्रेक मारायला लावला होता.

जन्मभर गॅरेज चालवलेले बाबा बॉनेटखाली वाकले. त्यांची बोटं चाचपडत गेजपाशी आली. गेज त्यांच्या हातात गर्रकन फिरला.

"हा कसा कसायचा, ते मीच शिकवलं ना तुला?"

पलकची मान खाली गेली. बाबांनी गेज तसाच सैल राहू दिला आणि जीपची चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"आईला इंजिनच गेलं म्हणून सांग, बेटा. डोळ्यांचं तिला अजून माहीत नाही."