पत्ते वाटणारा

गेरनोटने फोल्कमारच्या पुढ्यातली पत्त्यांची गड्डी उचलली आणि लोथारच्या पुढ्यात ठेवली. आजपासून लोथार वाटेल, म्हणाला. म्हणाला तेही लोथारकडे बघून.

गुरुवारी दुपारी चारला खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर स्काट ह्या पत्त्यांच्या खेळाचा डाव बसायचा. खेळायला तिघं लागतात. चौथा असला तर तो नुसते पत्ते वाटतो. बाकी सगळीकडे ही वाटायची पाळी फिरती असते, पण ह्या टेबलावर चाळीसेक वर्षं वाटणारा एकच, फोल्कमार. सत्ताविसाव्या वर्षी तो मोटरसायकलवरून डोक्यावर आपटला. तेव्हापासून कुठली पानं पडून गेली हे काही त्याच्या लक्षात राहत नसे, आणि स्काटमध्ये तेवढंच तर लागतं. खेळणारे म्हणजे गेरनोट, एवाल्ड आणि लोथार. गेल्या वर्षभरात लोथारही विसरायला लागला होता, म्हणून त्याच्या जागी खेळायला गेरनोटने आज आपला जावई आणला होता. पाचव्याला स्काटमध्ये काही काम नसतं.

"तू शेगडीजवळ बस ना," गेरनोट म्हणाला. "तुला गारठा सोसत नाही."

फोल्कमार उठला. डावा पाय ओढत शेगडीजवळच्या बाकावर जाऊन बसला. लोथारच्या बायकोनेच विनवलं होतं म्हणे, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. इतकं सगळं ठरलं आणि फोल्कमारला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही.

लोथारचा कोट गेरनोट काढून देतो. लोथारचं सॉसेज एवाल्ड कापून देतो. गेल्या महिन्यात लोथारने हुकूम हातात असताना भलतंच पान टाकलं, तर दोघंही छताकडे बघत राहिले. आणि इस्पितळातून आल्यावर पहिल्याच गुरुवारी फोल्कमारने तीच चूक केली होती, तेव्हा ह्याच गेरनोटने पानं टेबलावर आपटून विचारलं होतं, मानेवर डोकं आहे की भोपळा. दुखणं यायचं तर तेही वेळेवर यावं लागतं. सत्तरीत डोकं गेलं की माणूस बिचारा होतो. सत्ताविसाव्या वर्षी गेलं तर लोक दोन वर्षं हळहळतात आणि मग कंटाळतात. एकाहत्तर वर्षांचा बाप्या, पण त्या क्षणी त्याला लोथारचं दुखणं हवं होतं. अगदी कोटासकट.

लोथारने पत्ते पिसले, वाटायला घेतले. प्रत्येकी तीन वाटली की दोन पानं मधे पालथी ठेवायची असतात. लोथार ती ठेवायला विसरला. जावयाकडे एक पान जास्त गेलं, एवाल्डकडेही गेलं. गेरनोटने हळूच ती दोन्ही मधे सरकवली. दुसऱ्या डावाला पुन्हा तेच. पुन्हा त्याने सरकवली आणि वर म्हणाला, "छान वाटतोस हं, लोथार."

"चुकलंय," फोल्कमार बाकावरून म्हणाला. "सगळे गोळा कर आणि पुन्हा वाट."

लोथारचे कान लाल झाले. जावई खाली बघायला लागला.

"अरे, त्याला बरं नसतं," गेरनोट आवाज खाली आणून म्हणाला. "जरा समजून घे की."

"आणि मला? मला कधी बरं होतं?"

गेरनोट खरंच बुचकळ्यात पडला. "तुझी गोष्ट निराळी रे," तो म्हणाला. "तू काय, पहिल्यापासूनच असा."

त्याच्या मनात खोट नव्हती. फोल्कमारला तेच जास्त लागलं. त्याने एवाल्डकडे पाहिलं, निदान हा तरी काही बोलेल म्हणून. एवाल्ड हातातली पानं लावत बसला होता.

"पहिल्यापासून?" लोथारने मान वर केली. आज वार कुठला हे त्याला आल्यापासून तीनदा सांगावं लागलं होतं. "कोण म्हणतं? ह्याच्यासमोर बसायला मी टरकायचो. त्या खिडकीपाशी टेबल होतं तेव्हा. ह्याच्या अंगात तो हिरवा स्वेटर. माझ्या हातात एकच पान उरलं होतं, छातीशी धरलेलं. हा म्हणाला, काय लोथार, ती चौकटची दश्शी बायकोला दाखवायला घरी नेणार का? सगळी पानं मोजून बसलेला असायचा हा, सगळी."

फोल्कमारने तो स्वेटर आठवून पाहिला, ती खिडकी आठवून पाहिली. काहीच आलं नाही. अपघाताच्या आधीचं ते अख्खं वर्ष त्याच्या डोक्यातून पुसून गेलं होतं आणि इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की ते कुठेच उरलेलं नाही. ते ह्या लोथारकडे होतं. आजचा वार माहीत नसलेल्या माणसाकडे.

तो बाकावरून उठला, टेबलाला धरून उभा राहिला आणि लोथारकडे वाकला.

"मग?" त्याने विचारलं. "दश्शीच होती का?"