हवेची उशी

इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या छोट्या कारखान्यात बाबांनी गाडीसाठी नाव नोंदवलं, तेव्हा हेस्टर पाळण्यात होती. गाडी दारात आली, तेव्हा ती शाळेत जात होती. लाकडी सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला पत्रा. बाबा गेल्यापासून ती गाडी तिला डोळ्यांसमोर नको झाली होती.

बाबांचा मित्र क्लाइव ती विकत घेणार होता. आज तो चालवून बघत होता आणि हेस्टर शेजारी बसली होती.

"हिच्यासाठी थांबला तेवढा तुझा बाप लग्नासाठीही थांबला नाही," तो म्हणाला. "आणि मला कधी हात लावू दिला नाही, लेकाने!"

माळावर मेंढ्या रस्ता अडवून बसल्या होत्या. त्यांना हाकलायला क्लाइव उतरला.

चालकाच्या सीटवर जुन्या पद्धतीची हवेची उशी होती. माणूस बसला की ती उसासा टाकून दबायची, उठला की फुगायची. क्लाइव उतरताच ती फुगली.

मग रिकाम्या सीटवरच्या त्या उशीने उसासा टाकला आणि ती पुन्हा दबली. डावीकडे जास्त. उजवा खुबा मोडल्यापासून बाबा तसेच बसायचे.

"चला, मेंढ्यांनी परवानगी दिली!" क्लाइवने दार उघडलं.

"काका, बसू नका."

"का गं? विचार बदलला?"

"आधी बाबांना उतरू द्या."

क्लाइवने सीटकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू मावळलं. डोक्यावरची टोपी काढून तो दार धरून उभा राहिला.

"उतर, मित्रा," तो हळूच म्हणाला.

उशी आणखी थोडी दबली.