तणसाची मूठ

गोकुळाने पितळेचा गंज, रोजचे भाजीचे पातेले, कल्हईवाल्या बाबूभाईंच्या पुढ्यात आदळला, तशा भात्याभोवती बसलेल्या बायांनी माना वळवल्या.

"दोन महिने नाई झाले, अन् कल्हई उडाली! यातली अंबाडीची भाजी कळकली. नणदेले पाहाले आलेले पाहुणे आमच्याच आंगणात ओकले, भाऊ. आता कोण करते तिच्याशी सोयरीक?"

त्या दिवसापासून गोकुळाला शेजारणींकडे मान वर करून पाहवत नव्हते. सासू इंदिराबाई तर तिच्या हातचे पाणीही नाक मुरडून घेई. कल्हईवाला लबाड निघाला, तर निदान हे ओझे तरी उतरणार होते.

बाबूभाईंनी गंज उन्हात धरला. आतून बोट फिरवले. तळाशी अडकलेले काहीतरी नखाने उचकटले आणि मुठीत धरले. मग खाली मान घालून म्हणाले, "चूक माही हाय, बाई. कथील कच्चं पडलं. आत्ता करून देतो."

एवढे ऐकायचा अवकाश, बायांनी आपापली भांडी उचलली आणि घरची वाट धरली.

दुपारी कल्हई केलेला गंज घरी आला. गोकुळा तो घेऊन ताठ्यात मोरीवर बसली आणि तिने तारेची घासणी उचलली. नवऱ्याने ती चांद्याच्या बाजारातून आणली होती. राख लावून तणसाच्या, वाळल्या पेंढ्याच्या, मुठीने घासले, तर करपलेला भात सुटायला अर्धी सकाळ जायची. हिचे दोन हात फिरवले की भांडे लख्ख! बोटांना टोचायची, तारा तुटायच्या, तेवढेच. सासू 'चांद्याचे चोचले' म्हणून हिणवायची, म्हणून तर गोकुळा ती जास्तच जोराने फिरवायची.

गंजात काहीतरी होते. तणसाची ताजी मूठ, आणि तिच्यात खोचलेला तिच्याच घासणीच्या तारेचा बारीक तुकडा.

तिची कानशिले तापली. लाजेने जीव अर्धा झाला. घासणी तशीच हातात घेऊन ती धावत सुटली. बाबूभाई भाता बांधत होते. त्यांच्यासमोर एकही भांडे उरले नव्हते.

"तुमाले तवाच दिसलं होतं, भाऊ. काऊन नाई सांगितलं?"

"मी उद्या दुसऱ्या गावाले जाईन, बाई. तुमाले याच घरात राहाचं हाय."

धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले. पलीकडे विहिरीवर सासू बायांच्या घोळक्यात उभी होती. तरी ती तिकडे गेली. सगळ्यांच्या देखत तिने घासणी सासूपुढे धरली.

"बाबूभाईची कल्हई पक्की होती, आत्याबाई," ती म्हणाली. "मीनं खरवडली."