पास करणारा खांब

"शी! माणसं आहेत की जनावरं?" मी नाकाला रुमाल लावला. विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीचा तो कोपऱ्यातला खांब पानाच्या पिचकाऱ्यांनी कमरेपर्यंत लालकाळा झाला होता. वर माशा घोंघावत होत्या. पुढच्या वर्षी माझी नात इथेच कायदा शिकायला येणार, म्हणून तिला हौसेने माझं कॉलेज दाखवायला आणलं होतं.

इमारत दाखवणारी गाइड मुलगी नेमकी तिथंच थांबली. "हा आमचा पास करणारा खांब! पेपरला जाताना इथं पिचकारी मारली की पास होतो, असं मुलं मानतात."

"आणि हे तुम्ही हसत सांगता?" माझा आवाज चढला. "सफाईवाल्या बाईने घासायचं आणि यांनी थुंकायचं! ज्याने हे सुरू केलं ना, त्याला हा खांब चाटायला लावला पाहिजे!"

"अठ्ठ्याहत्तर सालचा एक विद्यार्थी होता म्हणे," ती म्हणाली. "करार कायद्यात दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा इथं थुंकून आत गेला आणि पास झाला. मग सगळेच थुंकायला लागले."

माझ्या हातातला रुमाल खाली आला. करार कायद्यातलं माझं ते दोनदा नापास होणं मी नातीला शंभर वेळा रंगवून सांगितलं होतं. थुंकण्याचं तेवढं मी विसरलो होतो.

नातीने माझ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"चाटू नका, आबा. पण घासा तरी."